महापालिकेच्या शाळांना टॅब नकोत, माणसं द्या

तांबडा_पांढरा
दरवर्षी जून आला की कुणीतरी वस्तीतल्या शाळेत दप्तरं, टॅब वाटतंय, फोटो टाकतंय. वाटा की, कोण नको म्हणतंय. पण आपल्या कोल्हापुरात राजेंद्रनगर, सदर बाजार, विचारेमाळ भागात पोरांची अडचण दप्तराची नाही, चौथीत येऊन धड वाचता येत नाही ही आहे. आई धुणीभांड्याला, बाप शिरोली एमआयडीसीत नाहीतर सेंट्रिंगवर, घरी विचारायचं कुणाला? अशा शाळांना एक शिक्षक जादा द्या आणि रात्री आठपर्यंत अभ्यासिका उघडी ठेवा. प्राथमिकला ३० पोरांमागं एक शिक्षक हा आरटीईचा (शिक्षण हक्क कायद्याचा) नियम राजारामपुरीला तोच आणि झोपडपट्टीला पण तोच, हे कसलं समान? इंग्लंडमध्ये २०११ पासून गरीब घरातल्या पोरांमागं शाळेला जादा पैसे मिळतात, आपल्याकडं का नको?

मंगळवारपेठकर
नाही पटलं. शिक्षक वाढवून पट वाढत नाही भावा. आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशींच्या दारात पालिकेची शाळा आहे, तरी त्यांनी पोरीचा आरटीईतून इंग्रजी शाळेत फॉर्म भरला. गरिबाला काय पाहिजे ते तुम्ही ठरवणारे कोण? खाजगी शाळांत आरटीईनं गरीब पोरांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागा नीट भरा, बास. फेब्रुवारी २०२४ ला सरकारनं एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खाजगीला सूट असा नियम काढलाच होता, हायकोर्टानं जुलैत रद्द केला म्हणून वाचलो.

फुलेवाडीची_आई
आमचा मुलगा त्याच २५ टक्क्यातनं लागलाय म्हणून सांगते. फी नाही, खरं आहे. पण पुस्तकं, व्हॅन, गॅदरिंगचा ड्रेस, आणि वर्गाच्या ग्रुपवर इंग्रजीत येणारा होमवर्क जो मला कळत नाही. शाळेचं नाव घेत नाही. परत फॉर्म भरशील का विचाराल तर भरीन, पण सगळं फुकट असतं असं कुणी समजू नये.

तांबडा_पांढरा
@मंगळवारपेठकर लॉटरीत नंबर लागला तर ना? आणि १ लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला काढायला दोन दिवस रोजगार बुडवायचा, ते कोण देणार. आणि पालिकेच्या शाळा नकोत म्हणताय तर पाडव्याला जरगनगरच्या शाळेपुढं प्रवेशाला रांग कशाला लागते? ती पालिकेचीच आहे.

मंगळवारपेठकर
जरगनगरचं उदाहरण सगळे देतात. तिथं पालक जागरूक आहेत, स्कॉलरशिपची तयारी घरनं करून घेतात. ते विचारेमाळात उचलून ठेवता येत नाही.

तांबडा_पांढरा
अहो मग मी दुसरं काय म्हणतोय? जिथं घरनं होत नाही तिथं शाळेनं जादा करायचं!

गुरुजी_करवीर
दोघंही शिक्षकाला विचारायचं विसरलात. आरटीईचं कलम २७ म्हणतं जनगणना, आपत्ती, निवडणूक सोडून दुसरं काम देऊ नका, आणि मग निवडणुकीच्या नावाखाली मतदारयाद्या घेऊन आम्ही घरोघर फिरतोय. जादा शिक्षक दिला तर तो पण उद्या बीएलओ (मतदारयादीचं काम करणारा) होणार, लिहून ठेवा. आधी आहेत ते शिक्षक वर्गात बसू द्या. आणि आठपर्यंत अभ्यासिकेत कोण थांबणार? मी थांबणार नाही, स्पष्ट सांगतो.

उत्तरेश्वर_पेठ
इथं अजून शाहू महाराज कसे आले नाहीत 😄 मीच आणतो. १९१७ ला त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना १ रुपया दंड, हे सगळे भाषणात सांगतात. पण १९०१ पासून बोर्डिंगं काढली ती कशाला? पोराला राहायला, जेवायला, पुस्तक उघडून बसायला जागा पाहिजे म्हणून. दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही चालू, तिथं कोण वाचणार? त्यामुळं अभ्यासिकेला माझा पाठिंबा, जादा शिक्षकाला नाही, गुरुजींचं बरोबर आहे. आणि शाळाच कशाला उघडी ठेवायची, तालमींचे हॉल संध्याकाळी मोकळेच असतात की. बी.एड.ची पोरं मानधनावर बसवा.

गुरुजी_करवीर
मानधन कोण देणार?

उत्तरेश्वर_पेठ
वर्गणी काढू, फुटबॉलला निघते तशी. हॉलचं मी मंडळात विचारतो. फक्त गणपतीच्या आधी महिनाभर मिळणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.