खाऱ्या हवेतील समई: चिंच, आमसूल की बाजारातील पेस्ट?

प्रश्न – सागरतीर (वेंगुर्ले)
आमचे घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. देवघरातील पितळी समईत खोबरेल तेल घालतो. वात टेकते त्या खोबणीत हिरवा, चिकट थर साचतो आणि चिंच-मिठाने कितीही घासले तरी तो हलत नाही. बाकीची समई लखलखते खरी, पण पावसाळ्यात ती आठवडाभरात पुन्हा काळवंडते. चिंचेचा लेप रात्रभर ठेवावा असे शेजारी सांगतात. मात्र त्यांच्याच पितळी तबकावर गुलाबी डाग पडलेले दिसतात. चतुर्थीपूर्वी सगळी भांडी काढायची आहेत. उग्र वासाची, अमोनियायुक्त पेस्ट वापरावी काय?

उत्तर – माजघर
तो हिरवा थर म्हणजे तेलातील आम्ले व तांबे यांच्या संयोगातून तयार झालेला एक प्रकारचा साबणच असतो. तो मेणचट असल्यामुळे चिंचेचे पाणी त्यावरून नुसते ओघळून जाते. म्हणून आधी कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून समईची वाटी त्यात भिजवावी, थर मऊ झाला की झाडूच्या हिराने खोबणीतून खरवडून काढावा आणि मगच आमसुलाचे पाणी लावावे. लोखंडी तारेचा चोथा वापरू नये. त्याचे ओरखडे जात नाहीत. कल्हई केलेल्या भांड्यांना आतून राख किंवा रांगोळीही लावू नये, कारण कल्हईच झिजते.

उत्तर – प्रयोगशाळा
गुलाबी डागांचे कारण असे की, पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण असून आम्ल व मीठ फार वेळ राहिल्यास पृष्ठभागावरील जस्त आधी निघून जाते आणि तांबे उघडे पडते. त्यामुळे लेप काही मिनिटांतच धुवावा.

अमोनियाबाबत एक जुना दाखला आहे. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्यांना तडे जात असत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतील ओल आणि पत्रा ओढून नळी घडवताना धातूत राहिलेला ताण या तिहींचा तो परिणाम होता, हे १९२१ मध्ये सप्रमाण मांडले गेले. ओतीव समईला हा धोका कमी. पत्र्याच्या कळशीला किंवा तबकाला अधिक. पेस्ट पटकन पुसून धुतली तर लगेच तडा जाईल असे नव्हे, परंतु अशा द्रावणात भांडी भिजत घालणे मला मुळीच मान्य नाही.

उत्तर – माजघर
काळवंडण्याविषयी सांगायचे राहिले. समईचे आटे सोडवून प्रत्येक भाग वेगळा धुवावा. पोकळ दांडीत अडकलेले पाणी सांध्यातून झिरपत राहते आणि डाग तेथूनच सुरू होतो. धुतल्यावर चिमूटभर खाण्याच्या सोड्याचे पाणी फिरवून आम्ल घालवावे आणि कोरड्या फडक्याने पुसून भाग चुलीजवळ उबेला ठेवावेत. पूर्ण सुकल्यावर दांडीला व पायाला मधमाश्यांच्या मेणाचा अगदी पातळ हात द्यावा. तेलाच्या वाटीला मात्र देऊ नये.

सागरतीर
आभारी आहे. दांडीचे आटे गंजल्यासारखे घट्ट बसले आहेत. ते सोडवण्यास काय करावे?

माजघर
सांध्यावर खोबरेल सोडून रात्रभर ठेवावे, मग कढत पाण्यात बुडवलेले फडके गुंडाळून हातानेच फिरवून पाहावे. पक्कड लावल्यास नक्षी चेपते.