पीईला आता कुणी घाबरत नाही, जिंटेकीचं करू काय?

स्नेअरवाला:
इथे नेटरनर खेळणारे कितीजण आहेत माहीत नाही, तरी विचारतो. (दोघांचा पत्त्यांचा खेळ: एकजण कंपनी म्हणजे कॉर्प, दुसरा तिच्या सर्व्हरवर रन म्हणजे धाड मारणारा हॅकर, म्हणजे रनर.) आम्ही चौघं पुण्यात दर रविवारी खेळतो, तीन वर्षं झाली. पत्ते विकत वगैरे घेतलेले नाहीत, आता हा गेम काढणाऱ्या नल सिग्नलच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळते ती ए-फोरवर छापायची, एका पानावर नऊ पत्ते बसतात, कापायचे आणि स्लीव्हमध्ये मागे रमीचा जुना पत्ता सरकवायचा की झालं. (रमीचा पत्ता अरुंद असतो, 57 मिलिमीटर, आणि कार्ड 63 चं, त्यामुळे आत लुटुलुटु हलतो, पण चालतं.) फॉरमॅट (कुठले संच चालतील याचा नियम) कुठलाच पाळत नाही. सिस्टम गेटवे, सिस्टम अपडेट 2021, जे छापलंय ते चालतं.

मी पहिल्यापासून जिंटेकी, कॉर्पमधला एक गट. त्यातली माझी आयडी (ओळखीचा पत्ता) पर्सनल एव्होल्यूशन म्हणजे पीई, अजेंडा (पॉइंट देणारा पत्ता) मी स्कोअर करो नाहीतर रनरकडून चोरीला जावो, रनरला एक नेट डॅमेज, म्हणजे त्याच्या हातातला एक पत्ता जातो. तीन स्नेअर, तीन उर्टिका सायफर (दोन्ही ट्रॅप), आईस (सर्व्हरची राखण करणारे पत्ते) जेमतेम दहा, आणि बाकी थापा. पहिलं वर्ष काय मजा होती राव, लोक आर अँड डीला (कॉर्पच्या गड्डीला) हात लावायला घाबरायचे, एकजण तर पत्ता उचलण्याआधी देवाचं नाव घ्यायचा.

आता सगळं बदललंय. आमच्यातला एक रात्री जागून जिंटेकी डॉट नेटवर खेळायला लागला आणि तिकडच्या सवयी घेऊन आला, त्याचं बघून बाकीचेही शिकले. आता हातात पाच पत्ते असल्याशिवाय कुणी रन मारत नाही, आणि मारला की पहिल्या क्लिकलाच (क्लिक म्हणजे पाळीतली एक चाल), म्हणजे पुढचे तीन क्लिक पत्ते ओढायला मोकळे. त्यात एकाने अनार्क (रनरचा एक गट) घेतलाय आणि त्याच्या डेकमध्ये तीन स्टीलस्किन स्कारिंग. गेल्या रविवारचं सांगतो, त्याने एचक्यूत (माझ्या हातातल्या पत्त्यांत) स्नेअर उचलला, मी चार क्रेडिट (गेममधले पैसे) टाकले, तीन नेट डॅमेज, मी खूश. तीनातले दोन पत्ते स्टीलस्किन निघाले! ते ट्रॅश झाले की प्रत्येकी दोन पत्ते ओढायला मिळतात. हातात पाच होते, मी मारल्यावर सहा झाले. सगळे पोट धरून हसले.

तीनपैकी तिन्ही गेम हरलो. पीई सोडू का? का पीईच ठेवून काही बदलता येईल? जिंटेकी सोडणार नाही, ते आधीच सांगतो.

बिनआईसचा_बंड्या:
वेलँड गट खेळ, विषय संपला.

स्नेअरवाला:
शेवटची ओळ वाचली नाहीस ना भावा

अर्काइव्ज_मावशी:
दोन प्रश्न आहेत, उत्तर दे मग बोलू. एक, हातात स्नेअर असताना तुझ्याकडे क्रेडिट किती असतात? दोन, उर्टिका लागल्यावर पुढच्या पाळीत तू काय करतोस?

स्नेअरवाला:
एक, चार तर ठेवतोच, नाहीतर स्नेअर चालणारच नाही ना. दोन, अर्धमेला झालेला असतो, मग दुसरा ट्रॅप लावतो की एकदाचा मरावा.

अर्काइव्ज_मावशी:
वाटलंच मला. तुझा डेक ठीक आहे रे, तूच वाचता येतोयस.

पहिलं, क्रेडिटचं. तू चारपर्यंत खर्च करतोस आणि तिथे थांबतोस. अख्ख्या टेबलाला कळतं की याच्याकडे स्नेअर आहे. चारच्या खाली गेलास की त्याहून वाईट, स्नेअर असला तरी चालणार नाही म्हणून ते बिनधास्त हात घालणार. मीही हे वर्षभर केलंय, माझ्या नवऱ्याने सांगितलं तेव्हा कळलं, तो समोर बसून पत्ते बघतच नव्हता, माझी नाणी मोजत होता. आठ-दहाच्या खाली जायचंच नाही असं ठरव, स्नेअर असो नसो. त्यासाठी दोन ट्रॅप काढून पैशाचे पत्ते घाल. हेज फंड तीन आहेत ना? नसतील तर आधी ते, पाच देऊन नऊ घेणारा पत्ता तीनपेक्षा कमी ठेवायचं काही कारणच नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. तू उघड्या, म्हणजे बिनआईसच्या, सर्व्हरमध्ये पत्ता उलटा टाकतोस, दोनदा ॲडव्हान्स करतोस (वर काउंटर ठेवतोस). उर्टिका असेल तर मूळचे दोन अधिक काउंटरचे दोन, चार डॅमेज. रनरकडे पाच पत्ते, पहिल्या क्लिकला रन मारतो, चार जातात, एक उरतो, तीन क्लिक ओढून चारवर येतो. तुला वाटतं वाया गेली. अगं बाई, वाया कसली, त्याची अख्खी पाळी खाल्लीस की! एक रुपया कमावला नाही, एक प्रोग्रॅम बसवला नाही, आणि जे चार पत्ते गेले त्यात त्याचा एखादा ब्रेकर (आईस फोडणारा प्रोग्रॅम) असणार. आता ती मोकळी पाळी तुझी आहे आणि तू काय करतोस, तर दुसरा ट्रॅप लावतोस. तिथे अजेंडा लाव! निसेई एमके टू उघड्यावर टाक, दोनदा ॲडव्हान्स कर. हुबेहूब उर्टिकासारखाच दिसणार. त्याच्या हातात चार पत्ते आहेत. डॅमेज हातातल्या पत्त्यांपेक्षा जास्त झालं तरच मरतो, बरोबरीत मरत नाही, म्हणजे उर्टिका असली तरी शून्यावर जगेल. पण शून्य पत्त्यांवर पाळी तुझ्या हातात द्यायची हिंमत कोण करतं? तो आधी पत्ते ओढेल, पैसे कमवेल, तू पुढच्या पाळीत अजून दोन ॲडव्हान्स करून दोन पॉइंट घेशील. शिवाय निसेईवरचा काउंटर एक रन तिथल्या तिथे संपवतो, तो पुढच्या अजेंड्याला कामाला येतो.

त्याच पाळीत न्यूरोस्पाइक हातात असेल आणि पैसे असतील तर बघ. दोन पॉइंटचा अजेंडा स्कोअर केलास, पीईचा एक डॅमेज, मग न्यूरोस्पाइकचे दोन, एकूण तीन. ज्याच्या हातात दोन पत्ते उरलेत तो गेला.

तीन पत्तीत सतत ब्लाइंड खेळणाऱ्याला कुणी भीत नाही, तसं झालंय तुझं. उघड्या सर्व्हरमध्ये दहातले नऊ वेळा ट्रॅपच असेल तर लोक पाच पत्ते धरून येणारच आणि येऊन जाणारच. निम्म्या वेळा तरी खरा अजेंडा हवा.

(नवऱ्याने हे वाचलं तर आज रात्री घरी गेम नाही.)

लीड्सकर_ठाणेवाला:
मावशींशी नव्वद टक्के सहमत, पण स्टीलस्किनवाल्या अनार्कचं काय? त्याला डॅमेज म्हणजे बोनस आहे.

मी जुना माणूस, फँटसी फ्लाइटच्या काळापासून खेळतो, 2018 मध्ये त्यांनी गेम बंद केला तेव्हा पत्ते विकायला काढले होते, बायकोने विकू दिले नाहीत. तेव्हाच्या मुंबाड सायकलची, म्हणजे पत्त्यांच्या पॅकच्या मालिकेची, आठवण झाली. मुंबई आणि अहमदाबाद एकत्र होऊन झालेलं गेममधलं शहर, आणि पहिल्या पॅकचं नाव चक्क काळा घोडा! लीड्सच्या दुकानात ते पाकीट हातात घेऊन दोन मिनिटं नुसता उभा होतो. नंतर साल्सेट आयलंड नावाचाही एक पॅक आला, दुकानदाराला सांगत बसलो की बाबा रे आमचं ठाणे त्याच बेटावर आहे, त्याने मान डोलावली आणि पैसे घेतले.

तर मुद्दा असा की त्या वेळी जिंटेकीने काय केलं. डॅमेजने मारणं कठीण झालं होतं, लोक भरमसाट पत्ते ओढत होते, फाउस्टसारखा ब्रेकर होता जो हातातले पत्तेच जाळून आईस फोडायचा. मग जिंटेकीवाल्यांनी मारायचा नाद सोडला आणि इंडस्ट्रियल जेनॉमिक्स ही आयडी घेतली. अर्काइव्जमध्ये (कॉर्पच्या टाकलेल्या पत्त्यांत) जेवढे उलटे पत्ते तेवढा तुमच्या प्रत्येक पत्त्याचा ट्रॅश खर्च वाढतो. चोपन्न पत्त्यांचा डेक, त्यात म्युझियम ऑफ हिस्टरी, जो डेक पन्नास किंवा जास्त पत्त्यांचा असला की इन्फ्लुएन्स (परक्या गटाचे पत्ते घ्यायचा कोटा) न मोजता मिळायचा आणि दर पाळीला अर्काइव्जमधला पत्ता परत आर अँड डीत मिसळायचा. रनर एक पत्ता ट्रॅश करायला पाच-सहा क्रेडिट देणार आणि तो पत्ता दोन पाळ्यांनी परत येणार. इतका कंटाळवाणा गेम आयुष्यात खेळलो नाही, पण जिंकायचो. मग लोकांनी व्हिझार्ड हा रनर काढला, ट्रॅश करायला दर पाळीला तीन फुकट क्रेडिट, आणि म्युझियमला मोस्ट वाँटेड लिस्टमध्ये (बंधन घातलेल्या पत्त्यांच्या यादीत) टाकलं तेव्हा सुटका झाली.

म्हणजे काय, फॅक्शन तेच ठेव, पण जिंटेकी म्हणजे ट्रॅपच असं डोक्यात धरू नकोस. त्या अनार्कविरुद्ध रिस्टोअरिंग ह्युमॅनिटी ही आयडी काढ. पाळीच्या शेवटी अर्काइव्जमध्ये एक जरी उलटा पत्ता असला तरी एक क्रेडिट मिळतो. त्यात ॲनोएटिक व्हॉइड दोन-तीन घाल. रनर सर्व्हरपर्यंत पोचला की तू दोन क्रेडिट आणि एचक्यूतले दोन पत्ते टाकायचे, रन खलास. टाकलेले पत्ते उलटे जातात, म्हणजे ह्युमॅनिटीचा क्रेडिट चालू. डॅमेज करतच नाही तर त्याचे स्टीलस्किन हातात तसेच बसून राहणार. मग तो तीन पत्ते ओढायचा साधा इव्हेंट, बाकी काही नाही.

अर्काइव्ज_मावशी:
बरोबर, पण एक राहिलं ठाणेवाले. ॲनोएटिकसाठी पत्ते टाकताना घाईत अजेंडा टाकू नको म्हणावं याला. रनर अर्काइव्जवर गेला की सगळे पत्ते सुलटे होतात आणि सगळ्यांचा ॲक्सेस मिळतो, अजेंडा पण गेला आणि क्रेडिट पण थांबला. आणि स्नेअर अर्काइव्जमध्ये चालत नाही, तिथे टाकून उपयोग शून्य. अर्काइव्जवर एक आईस लागतोच, माझं नाव उगीच नाही ठेवलेलं.

बिनआईसचा_बंड्या:
दोन डेक बाळगायचे म्हणजे? दर रविवारी समोर कोण बसतो ते बघून आयडी बदलणार? हे चीटिंग नाही का मग

लीड्सकर_ठाणेवाला:
घरच्या घरी चौघांत तर होतंच असं, त्यालाच मेटा म्हणतात बाबा. स्पर्धेत कॉर्पचा एकच डेक न्यावा लागतो, तिथे अंदाज बांधायचा. पण बोर्डवर चिठ्ठी काढून ठरवा वाटलं तर, म्हणजे भांडण नको.

स्नेअरवाला:
रविवार झाला, सांगतो.

चिठ्ठीच काढली, कारण बंड्यासारखाच एकजण आमच्यात पण आहे. पहिला गेम पीई, समोर ऑनलाइनवाला. दोन स्नेअर काढले, एकच ठेवला, पैशाचे पत्ते वाढवले. मावशी, तुम्ही सांगितलं तसं दहाच्या खाली गेलोच नाही आणि काय सांगू, तो तिसऱ्या पाळीत म्हणाला, "आज तू श्रीमंत झालास का रे?" उर्टिका लावली, तो पहिल्या क्लिकला आला, चार पत्ते गेले, तीन ओढले. पुढच्या पाळीत निसेई उघड्यावर, दोन ॲडव्हान्स. तो दोन मिनिटं त्या पत्त्याकडे बघत बसला. माझ्या स्लीव्हमध्ये मागचा रमीचा बदाम गुलाम किंचित वाकडा दिसत होता, मला वाटलं हा आता ते बघून ओळखणार कुठला पत्ता आहे, माझे हात गार. त्याने शेवटी दोन पत्ते ओढले आणि दोन क्रेडिट घेतले. मी स्कोअर केला. शेवटी 7-4 ने जिंकलो आणि डॅमेजने कुणीच मेलं नाही!! पीईने न मारता जिंकायची ही पहिलीच वेळ.

दुसरा गेम ह्युमॅनिटी, समोर स्टीलस्किनवाला. हरलो. ॲनोएटिक भारी चालला, अजेंडे लावायच्या सर्व्हरमध्ये त्याला एकदाही पोचू दिलं नाही, पण माझा सगळा आईस तिथेच लावला होता आणि आर अँड डीवर एकच, तो तिथून ओढत बसला. तीन पाळ्यांत दोन अजेंडे नुसते वरून उचलून नेले.

सगळे स्लीव्ह आता काळ्या पाठीचे घेतोय, आधी ते. आणि आर अँड डीवर करुणा हा आईस लावायचा विचार आहे, दोन डॅमेज, मग हवं तर पळ काढ, नाहीतर अजून दोन. पण समोर स्टीलस्किन असताना करुणा लावणं म्हणजे परत त्यालाच पत्ते वाटणं नाही का?

अर्काइव्ज_मावशी:
आहेच. पण पहिल्या दोन डॅमेजनंतर बहुतेक जण पळ काढतात, आणि पळाला म्हणजे आर अँड डीचा पत्ता वाचला, तुला तेवढंच हवंय. तो पळाला नाही तर त्याने सेन्ट्री (करुणाच्या जातीचा आईस) फोडायचा ब्रेकर आणलाय, मग तुझी अडचण स्टीलस्किन नाहीच. दोन करुणा छाप, तीन नको, महाग आईस आहे, चार क्रेडिट लागतात रेझ (चालू) करायला.

बिनआईसचा_बंड्या:
मी पण ह्युमॅनिटीची पीडीएफ उतरवली. वेलँडवाला आहे अजून, फक्त बघायला. छापायला कुठला कागद घेता तुम्ही?

स्नेअरवाला:
साधा झेरॉक्सचाच, मागे पत्ता असतो ना. जाड कागद घेतला तर स्लीव्हमध्ये रमीचा पत्ता शिरत नाही. आणि दुकानदाराला आधीच सांग की शंभर टक्के साइजला मार, पेज फिट करू नको म्हणावं. माझा पहिला सेट त्याने फिट करून मारला होता, सगळे जिंटेकीवाले बुटके आलेत, अजून तेच वापरतोय.