शहर न सोडता पक्ष्यांचं एक वर्ष: तुमचं कसं गेलं?

गेल्या जानेवारीत मी स्वतःला अट घातली, की पक्षी बघायला शहराबाहेर पाऊल टाकायचं नाही. घर, ऑफिस आणि मधला रस्ता, बस. डिसेंबरअखेर वहीत 61 नावं झाली. जंगलात जाणाऱ्या मैत्रिणी हसल्या. त्यांचा हा एका सकाळचा आकडा. मला मात्र वहीतला उजवा रकाना प्रिय आहे, 'काय करत होता' हा. जानेवारीत तिथे सगळ्यांपुढे नुसतं 'बसला होता' आहे. मे महिन्यात कावळ्यापुढे चार ओळी आहेत. तो घरट्यासाठी तार ओढत होता. तार हँगरची होती, हँगर आमच्या दोरीवरचा. हँगर वर गेला, शर्ट खाली चिखलात.

तुमच्या वर्षातलं असं काही सांगा. पक्षी दुर्मीळ नसेल तर अधिकच बरं.

तेरावा मजला

आमच्या सोसायटीत थंडीत तक्रार आली, कुणीतरी गच्चीवर पारवे सोलतंय म्हणून. पार्क केलेल्या गाड्यांवर रोज पिसं. वॉचमनचा संशय माझ्यावर, कारण दुर्बीण घेऊन वर जाणारा मी एकटाच. शेवटी त्यालाच वर नेलं आणि पाण्याच्या टाकीमागच्या कठड्यावर बसलेला बहिरी ससाणा दाखवला. सूर मारताना ताशी 300 किलोमीटरच्या वर जाणारा पक्षी, आणि आमच्या टाकीवर निवांत पंजा साफ करत होता. पारवा मूळचा कडेकपारीतला, ससाणाही तिथलाच. आपण सिमेंटचे कडे उभे केले, दोघंही आले. मार्चमध्ये ससाणा गेला. आता वॉचमन मला विचारतो, "तुमचा पाहुणा कधी येणार?"

रात्रपाळीवाली

मी पक्षी बघत नाही, ऐकते. पहाटे साडेतीनला बाहेर चहाला येते तेव्हा रस्त्यावरच्या दिव्याखाली दयाळ पक्षी गात असतो. त्याला उजाडलं असं वाटतं की दिवसा गाड्यांपुढे आपलं कुणी ऐकत नाही म्हणून तो तेव्हा गातो, देव जाणे. संध्याकाळी कामावर येताना डोक्यावरून 'क्वॉक' असा एकच आवाज जातो, तो रातबगळा. त्याची पाळी सुरू, माझीही.

काच

माझा अनुभव चांगला नाही, तरी लिहितो. जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळी आमच्या ऑफिसच्या काचेखाली नवरंग पडलेला मिळाला. हिरवी पाठ, खांद्यावर निळा तुकडा, पोटाखाली लाल, शेपूट जवळजवळ नाहीच. हा पक्षी पावसाच्या तोंडावर, रात्रीचा प्रवास करत येतो. खाली शहराचे दिवे, पहाटे उतरावं तर समोर काच, आणि काचेत झाडाचं प्रतिबिंब. मी प्रेमापोटी त्याच्या चोचीत चमच्याने पाणी घातलं. ते करायचं नसतं, पाणी श्वासनळीत जातं. तो मेला. माझ्यामुळे की धडकेमुळे, हे मी अजून मनात धरून आहे.

चार दिवसांनी दुसरा मिळाला. या वेळी भोकं पाडलेल्या खोक्यात कापड घालून ठेवला, झाकण बंद, खोलीत अंधार, कुणाला डोकावू दिलं नाही. दोन तासांनी आत खडखड झाली. मागच्या झाडांपाशी खोकं उघडलं तर सरळ उडून पानांत गेला, मागे वळून बघितलंसुद्धा नाही. (का बघावं?)

मग काचेच्या मागे लागलो. बहुतेक जण ससाण्याच्या आकाराचं एक स्टिकर चिकटवतात, त्याने काही होत नाही. पक्षी त्याच्या बाजूच्या मोकळ्या काचेवर आपटतो. ठिपके काचेच्या बाहेरच्या बाजूने हवेत, आणि एकमेकांपासून पाच सेंटिमीटरपेक्षा लांब नकोत. शिकागोत ऑक्टोबर 2023 मध्ये एका रात्रीत एकाच इमारतीवर हजाराच्या आसपास पक्षी आपटून मेले होते, पुढे त्या काचांवर असे ठिपके लावले तेव्हा मृत्यू खूप कमी झाले. ही बातमी छापून वरिष्ठांच्या टेबलावर ठेवली. दोन मजल्यांची परवानगी मिळाली, बाकीच्या मजल्यांसाठी 'दिसायला बरं नाही'.

मोबाईलवाला

मी आळशी. मर्लिन ॲप सुरू करतो, ते आवाज ऐकून नाव सांगतं, मी टिकमार्क करतो. ॲपने तीन महिन्यांत अकरा वेळा शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, सांगितला आणि मी खुशीत होतो. मग एका सकाळी आवाजाचा मालक तारेवर दिसला. काळा, दुभंगलेली शेपूट: कोतवाल. शिक्र्याची हुबेहूब नक्कल करून साळुंक्यांना पळवून लावत होता, आणि त्यांनी टाकलेला किडा खात होता. अकराही नोंदी पुसल्या. साळुंक्या आणि मी, एकाच पंगतीतले.

नाल्याकाठी

तुम्ही बागा धरून बसलात. उघड्या नाल्यावर या, नाकाला रुमाल लावून. लांब लाल पायांचे शेकाटे पक्षी तिथेच. थंडीत धोबी पक्षी शेपटी हलवत कचऱ्यावरून फिरतात, आणि संध्याकाळी शेकड्यांनी एकाच झाडावर रात्रीच्या मुक्कामाला जातात. झाड कुठलं निवडावं? रेल्वे स्टेशनबाहेरचं, रणरणत्या दिव्यांतलं. खाली रिक्षावाले वैतागलेले, दर सकाळी टपावर पांढरी रांगोळी.

(पुन्हा मीच)

हँगरचं पुढे काय झालं, असं दोघांनी विचारलं. अंडी घातली गेली, पिल्लं झाली, त्यातलं एक कोकिळाचं निघालं. कावळे त्याला महिनाभर भरवत राहिले. गाणारा तो नर, कविता काहीही म्हणोत. मादी ठिपक्यांची, ती 'किक् किक्' करत पळते. पहाटे चार वाजता त्याच्या नावाने बोटं मोडणाऱ्या शेजाऱ्यांना हे सांगितलं. नर आहे म्हटल्यावर राग वाढला.

सत्तरीतला

गेली चाळीस वर्षं चष्मेवाले, म्हणजे डोळ्यांभोवती पांढरं कडं असलेले चिमुकले पक्षी, माझ्या खिडकीशी येत आले. दोन वर्षांपूर्वी ते यायचे बंद झाले, असं मी सगळ्यांना सांगत होतो. प्रदूषण, झाडतोड, मोठं भाषणच होतं माझं. या फेब्रुवारीत नात सुट्टीला आली आणि म्हणाली, "आजोबा, केवढे ओरडतायत ते!" मला काहीच ऐकू येत नव्हतं. बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात म्हणे. आता ती ऐकते आणि दिशा सांगते, मी दुर्बीण लावतो. काल 'डावीकडे' म्हणाली ते तिचं डावं होतं की माझं, यावरून जुंपली, तोवर थवा उडाला.