मायकल जॅक्सन लॉसलेसमध्ये : कुठली आवृत्ती ऐकावी?

ठाणेकर_कानसेन :
नमस्कार मंडळी. सुट्टीत मायकल जॅक्सन ओळीने ऐकायला घेतलाय, 'ऑफ द वॉल' (१९७९) पासून 'इन्व्हिन्सिबल' (२००१) पर्यंत. अ‍ॅपमध्ये लॉसलेस (म्हणजे काहीही न गाळता साठवलेला आवाज) चालू केलंय. सध्या 'डेंजरस'वर आहे. पण 'थ्रिलर' आणि 'बॅड'च्या दोन-तीन आवृत्त्या दिसतात, त्यातली खरी कुठली? शिवाय बायकोने वाढदिवसाला दिलेल्या ब्लूटूथ हेडफोनवर लॉसलेस आणि साधं यांत मला काडीचाही फरक कळत नाही. कान गेले की काय? 'इन्व्हिन्सिबल'ची दोन गाणी आधीच चाखून बघितली, तर डोकं धरलं. ते का, तेही सांगा.

कट्ट्यावरचा_शंकासुर :
कान ठणठणीत आहेत. ब्लूटूथवरून लॉसलेस बहुधा पोचतच नाही, फोन ते पुन्हा दाबून पाठवतो. ब्लूटूथवर आवाज दाबायच्या पद्धतींपैकी एएसी साधारण २५६ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट), एलडॅक फार तर ९९०. सीडीचा कच्चा दर १४११. आणि वायर लावूनही २५६ चं एएसी आणि लॉसलेस डोळे झाकून ओळखणारा माणूस मला दाखवा, मिसळ माझ्याकडून.

डोंबिवलीचा_साउंडवाला :
शंकासुर, तुमचं मिसळीचं बिल वाचलं, कारण तुमचं म्हणणं मला मान्य आहे. बरीच वर्षं ऑर्केस्ट्राच्या मिक्सरवर बसलोय, त्यामुळे एवढंच सांगतो की फॉरमॅटच्या आधी मास्टर बघा, म्हणजे ज्या अंतिम ध्वनिमुद्रणावरून ती आवृत्ती काढली ते.

'थ्रिलर'चंच घ्या. १९८२ साली सगळं तयार झालं, एलपी कापून ऐकली तर आवाज पुचाट. एकेका बाजूवर फार मिनिटं कोंबली होती. तबकडीवर बास दणदणीत हवा तर खाच रुंद लागते, आणि रुंद खाच म्हणजे मिनिटं कमी. मग निर्माता क्विन्सी जोन्स आणि इंजिनियर ब्रूस स्वीडियन यांनी गाणी छाटली आणि दिवसाला एक अशी पुन्हा मिक्स केली, म्हणजे प्रत्येक वाद्याचा आणि गळ्याचा आवाज नव्याने जुळवला. म्हणून तो अल्बम अवघा ४२ मिनिटांचा. 'डेंजरस' १९९१ चा, सीडीच्या जमान्यातला, ७७ मिनिटं. तिथे कात्री लावायला कोणी भाग पाडलं नाही आणि ते ऐकू येतं. (माझं मत. दगड सावकाश मारा.)

आता 'बिली जीन' लावा. सुरुवातीला नुसता ड्रम, एन्डुगू चान्सलर यांचा. स्वीडियनने ड्रमसेटसाठी लाकडी चौथरा बनवून घेतला होता, किकवर (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर) खास कव्हर चढवलं होतं, जेणेकरून बाकीचा आवाज किकच्या माइकमध्ये सांडू नये. मग लुई जॉन्सनची बास गिटार शिरते. गाणं ९१ वेळा मिक्स झालं आणि शेवटी घेतलं दुसरं मिक्स! हा किस्सा मिक्सरवर बसणाऱ्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगतो. मायकल लाकडी फळीवर उभा राहून गायचा, गाता गाता पाय आपटायचा, चुटक्या वाजवायचा. दुसऱ्या कोणी ते आवाज पुसून टाकले असते, स्वीडियनने ठेवले. पेनड्राइव्हवरच्या १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये आपण हे सगळं गिचमिड झालेलं ऐकत मोठे झालो.

डोकेदुखीचं म्हणाल तर तो काळच तसा. २००१ च्या आसपास प्रत्येकाला आपली सीडी शेजाऱ्याच्या सीडीपेक्षा मोठी वाजायला हवी होती. लिमिटर नावाचं यंत्र लावून आवाजाची शिखरं कापायची आणि सगळं वर ओढायचं. 'इन्व्हिन्सिबल' त्यातलाच, आणि जुन्या अल्बमच्या त्या साली निघालेल्या स्पेशल एडिशनही जोरातच वाजतात. ती फाइल लॉसलेस असली तरी चेचलेल्या लसणाची पुन्हा पाकळी होत नाही. ऐंशीच्या दशकातली जुनी सीडी सेकंडहँड मिळाली तर उचला आणि फ्लॅक या लॉसलेस फाइलमध्ये रिप करा, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. ती शांत वाटेल, आवाज वाढवा. तुलना करताना मात्र दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या, कारण जरा मोठं वाजतं तेच कानाला बरं वाटतं.

मोटाउनची_मावशी :
पण १९७९ पासूनच का रे बाबा? त्याआधी मोटाउन या रेकॉर्ड कंपनीकडे त्याचे स्वतःचे चार अल्बम आहेत. १९७२ चा 'बेन' ऐक आणि लगेच १९७५ चा 'फॉरएव्हर, मायकल'. मधल्या तीन वर्षांत त्या पोराचा आवाज कसा बदलला ते ऐकायला कुठलंही यंत्र चालेल. मी १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीच्या क्रीडासंकुलात होते. तिथला आवाज काही लॉसलेस नव्हता, तक्रार करायला शुद्धीवर होतं कोण?

ठाणेकर_कानसेन :
मावशी, 'बेन' यादीत घातला. साउंडवाले दादा, यूएसबीचा छोटा डॅक (डिजिटल फाइलचा आवाज करणारी डबी) आणि वायरचे इअरफोन काढले कपाटातून. फोन अँड्रॉइड आहे. अजून काही?

डोंबिवलीचा_साउंडवाला :
बरेच अँड्रॉइड फोन सगळं ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) बदलून बाहेर काढतात, सीडी असते ४४.१ ची. फार फरक पडत नाही, पण चैन पडत नसेल तर यूएसबी डॅकला थेट पाठवणारं प्लेअर अ‍ॅप घ्या. मोबाइल डेटावर सांभाळून, 'थ्रिलर' सीडी दर्जात न दाबता सुमारे ४४५ एमबी होतो, फ्लॅकमध्ये बराच कमी. इक्वलायझर बंद. आणि डॉल्बी अ‍ॅटमॉस (चहूबाजूंनी आवाज येतोय असं भासवणारा प्रकार) चालू असेल तर तेही बंद करा, ते मिक्सच वेगळं असतं. तुम्हाला स्वीडियनच्या हातचं ऐकायचंय ना?