याकोब ग्रिम : ग्रंथपालाची बडतर्फी नेमकी कशामुळे झाली?

विचारणा : महाविद्यालयीन ग्रंथपाल, रत्नागिरी जिल्हा

नमस्कार. आमच्या तालुक्यातील ग्रंथालय कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात ‘राजसत्ता आणि ग्रंथपाल’ या विषयावर मला अर्धा तास बोलायचे आहे. उदाहरण म्हणून मी याकोब ग्रिम यांची निवड केली आहे. परीकथांचे संकलक म्हणून आपण त्यांना ओळखतो; पण ते ग्योटिंगेन विद्यापीठाचे ग्रंथपाल होते आणि १८३७ मध्ये हानोव्हरच्या राजाने त्यांना बडतर्फ केले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. माझ्या शंका अशा : त्यांच्यावरील कारवाई ग्रंथपाल म्हणून झाली की प्राध्यापक म्हणून? वादाचा ग्रंथालयातील पुस्तकांशी काही संबंध होता का? आणि नोकरी गेल्यावर त्यांचा चरितार्थ कसा चालला? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : निवृत्त ग्रंथपाल, सावंतवाडी

ताई, विषय उत्तम निवडला आहे. मात्र १८३७ पासून सुरुवात केलीत तर निम्मी हकिगत हातची जाईल. याकोब यांची ग्रंथालयातील नोकरी सुरू झाली ती १८०८ मध्ये, आणि तीही परकीय राजाच्या पदरी. नेपोलियनने आपला धाकटा भाऊ जेरोम याला जर्मन प्रदेशातील वेस्टफालिया या राज्याच्या गादीवर बसवले होते. कासेल येथील त्याच्या खासगी ग्रंथसंग्रहाचे काम याकोब यांच्याकडे आले. काम थोडे, पगार चांगला आणि अभ्यासाला मुबलक वेळ, अशी ती जागा होती. १८१३ मध्ये ते राज्य कोसळले, कासेल ज्या हेसेन राज्यात होते त्याचा जुना राजा परतला, आणि फ्रेंचांनी नेलेली पुस्तके व चित्रे परत मिळवण्याच्या कामासाठी याच माणसाला पॅरिसला पाठवण्यात आले. म्हणजे सत्ता पालटली तरी पुस्तके ओळखणारा माणूस दोन्ही दरबारांना हवाच होता.

१८१६ पासून ते कासेलच्या ग्रंथालयात दुय्यम ग्रंथपाल होते आणि धाकटे बंधू विल्हेल्म तेथेच चिटणीस होते. ही वर्षे संशोधनाच्या दृष्टीने सोन्यासारखी गेली. पण १८२१ नंतर नव्या राजाच्या काळात ग्रंथालय दरबारी अधिकाऱ्यांच्या हाताखाली आले आणि संपूर्ण कॅटलॉगची हाताने नक्कल करून देण्याचे फर्मान निघाले. त्या नकलेत दोघा भावांचे वर्षाहून अधिक काळ कष्ट खर्ची पडले. ज्याने दाखल नोंदवही उतरवून काढली आहे, त्यालाच या शिक्षेची जात कळेल. पुढे १८२९ मध्ये मुख्य ग्रंथपाल फोल्केल वारले. ज्येष्ठतेने ती जागा याकोब यांची होती. ती मिळाली रोमेल या इतिहासकाराला. दोघा भावांनी राजीनामे दिले आणि ते ग्योटिंगेनला गेले. माझ्या मते राजकीय दबावाचा धडा येथेच आहे. नोकरीतून काढून टाकणे क्वचित घडते, बढती नाकारणे आणि निरर्थक कामात गुंतवणे हे नेहमी घडते. आपल्या मेळाव्यातील श्रोत्यांना हा भाग फोड करून सांगावा लागणार नाही.

उत्तर : वकील, अलिबाग

वरील उत्तरात नवे काही मिळाले, परंतु १८३७ च्या प्रसंगाला दुय्यम ठरवणे मला पटत नाही. प्रकरण मुळात कायद्याचे आहे. हानोव्हर आणि ब्रिटन यांचा राजा १७१४ पासून एकच होता. जून १८३७ मध्ये चौथा विल्यम वारला, तेव्हा ब्रिटनची गादी व्हिक्टोरियाकडे गेली. पण हानोव्हरच्या वारसा नियमात पुरुष वारस असताना स्त्रीला गादी मिळत नसल्याने तेथे तिचा काका एर्न्स्ट ऑगस्ट राजा झाला. (आपल्याकडे ‘राणीचा अंमल’ म्हणतात, त्याच राणीच्या राज्यारोहणाचा हा दुसरा परिणाम.) नव्या राजाने १ नोव्हेंबर १८३७ रोजी १८३३ ची राज्यघटना रद्द केली आणि सरकारी नोकरांना त्या घटनेला वाहिलेल्या शपथेतून मुक्त केल्याचे जाहीर केले.

वादाचे मूळ या ‘मुक्ततेत’ आहे. १८ नोव्हेंबरला सात प्राध्यापकांनी विद्यापीठाच्या वरिष्ठांना लेखी कळवले की, आम्ही शपथ घेतली आहे, ती राजाच्या इच्छेने सुटत नाही, आणि घटना मोडून बोलावलेल्या सभेच्या निवडणुकीत आम्ही भाग घेणार नाही. सह्या करणारे होते डालमान, आल्ब्रेख्ट, गेर्व्हिनुस, एवाल्ड, वेबर आणि दोघे ग्रिम बंधू. चुंबकीय प्रवाहाच्या एककाला ज्यांचे नाव आहे तेच हे वेबर. डिसेंबरमध्ये सातही जणांना बडतर्फ करण्यात आले. डालमान, गेर्व्हिनुस आणि याकोब यांच्यावर निषेधपत्राच्या प्रती पसरवल्याचा ठपका होता, म्हणून त्यांना तीन दिवसांत राज्याबाहेर जाण्याचा हुकूम झाला.

तेव्हा आपल्या पहिल्या दोन शंकांचे उत्तर असे : याकोब एकाच वेळी ग्रंथपाल आणि प्राध्यापक होते, दोन्ही पदे राज्याच्या नोकरीची होती आणि दोन्ही एकाच हुकुमाने गेली. कोणत्याही पुस्तकाचा या वादाशी संबंध नव्हता. दुसऱ्या वर्षी बडतर्फीवर त्यांनी जी पुस्तिका लिहिली ती जर्मन राज्यांत नव्हे, स्वित्झर्लंडमधील बासेल येथे छापावी लागली, आणि तिच्या आरंभी त्यांनी एका मध्ययुगीन काव्यातील ओळ घातली : शपथा गेल्या कुठे?

विचारणा करणाऱ्या ग्रंथपाल

दोघांचेही आभार. विद्यापीठातील इतर मंडळींची भूमिका काय होती? आणि नाझी काळातील विद्यापीठ ग्रंथपालांशी ही तुलना करता येईल का?

उत्तर : ग्रंथालयशास्त्राचे अध्यापक, चिपळूण

इतर मंडळी बहुतांशी गप्प राहिली. विद्यापीठाच्या वरिष्ठांनी तर राजाची भेट घेऊन या निषेधापासून हात झटकले. त्याच विद्यापीठातील थोर गणितज्ञ गाउस यांचे नाव येथे आवर्जून सांगावे. एवाल्ड त्यांचे जावई आणि वेबर त्यांचे सर्वांत निकटचे सहकारी. तरीही गाउस यांनी सही केली नाही. त्यांना भित्रे म्हणण्याची घाई मी करणार नाही, पण साठी ओलांडलेला, सर्वमान्य शास्त्रज्ञ गप्प बसला याचे वजन राजाच्या पारड्यात पडलेच असणार.

नाझी काळाशी तुलना जपून करावी. ७ एप्रिल १९३३ च्या सरकारी नोकरीविषयक कायद्याने ज्यू आणि राजकीयदृष्ट्या नको असलेल्या अधिकाऱ्यांना काढण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि विद्यापीठ ग्रंथपाल हे सरकारी अधिकारीच असल्याने ते त्याच्या कक्षेत आले. ऑगस्ट १९३४ मध्ये तर सर्व सरकारी नोकरांना राज्यघटनेऐवजी हिटलरच्या नावाने व्यक्तिशः शपथ घ्यावी लागली. अलिबागच्या वकीलसाहेबांचा शपथेचा धागा येथे आणून जोडता येईल. १० मे १९३३ ची ग्रंथदहने सर्वांना माहीत आहेत. मात्र विद्यापीठांच्या ग्रंथालयांत बंदी घातलेली पुस्तके बहुधा जाळली गेली नाहीत, ती कुलपात ठेवली गेली आणि अभ्यासाचे कारण दाखवणाऱ्यालाच मिळू लागली. त्यामुळे ग्रंथपालाच्या हातात कुलपाची किल्ली आली, आणि तिच्याबरोबर वाचकाची पारख करण्याचे काम आले. ट्यूबिंगेनचे गेओर्ग लाय १९२१ ते १९४७ एकाच ग्रंथालयाचे प्रमुख होते. प्रजासत्ताक, हिटलरशाही आणि फ्रेंच ताबा असे तीन अंमल एकाच खुर्चीवरून पाहिलेल्या अशा माणसांची हकिगत ग्रिम यांच्याइतकी सरळ सांगता येत नाही. अर्ध्या तासात दोन्ही बसवू नका.

उत्तर : वकील, अलिबाग

चरितार्थाचा मुद्दा राहिला होता. लाइपझिग येथे नागरिकांनी समिती स्थापून वर्गणी जमवली आणि बडतर्फ झालेल्यांना पगाराइतकी रक्कम मिळावी अशी व्यवस्था केली. त्याच शहरातील प्रकाशकांनी बेकार झालेल्या या दोघा भावांना जर्मन शब्दकोशाचे काम सुचवले. त्याचा पहिला खंड १८५४ मध्ये निघाला आणि काम पुरे झाले ते १९६१ मध्ये. प्रशियाच्या राजाने १८४० मध्ये त्यांना बर्लिनला बोलावले. तेथे त्यांना अकादमीचे सदस्य म्हणून वेतन आणि व्याख्याने देण्याचा हक्क मिळाला, ग्रंथालयातील जागा नव्हे; आणि कासेलची ती नक्कल आठवली तर याकोब यांनी तशी जागा मागितली नाही याचे नवल वाटत नाही.