मदत हवी आहे: पॅरोटिडमध्ये (कानापुढच्या लाळग्रंथीत) फेशियल नर्व्हचं (चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या नसेचं) खोड नेमकं कुठे शोधायचं?

नवखा_रेसिडेंट

केस मांडायची आहे. वय ४५, डाव्या कानाच्या पाळीखाली ३ सेंमीची गाठ, चार वर्षांत हळूहळू वाढलेली. दुखत नाही, हलते, चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा. एफएनएसीत (सुईने काढलेल्या पेशींच्या तपासणीत) प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा, म्हणजे लाळग्रंथीची कर्करोग नसलेली गाठ. सुपरफिशियल पॅरोटिडेक्टॉमी (पॅरोटिडचा नर्व्हच्या बाहेरचा भाग काढणं) ठरली आहे. अडलंय ते असं:

१) खोड शोधायच्या खुणा पुस्तकात पाच-सहा दिल्यात. भरवसा कुठल्या खुणेवर ठेवायचा?
२) गाठ सुटी आहे, तर नुसती सोलून का काढू नये?
३) फेशियल नर्व्ह पॅरोटिडच्या पोटातून जाते, तरी पॅरोटिडची लाळ तिच्या ताब्यात नाही, हे डोक्यात बसतच नाही.

डायगॅस्ट्रिक

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण गोंधळाचं मूळ तिथेच आहे. फेशियल नर्व्ह पॅरोटिडमध्ये भाडेकरूसुद्धा नाही, नुसती वाटसरू आहे. स्टायलोमॅस्टॉइड फोरामेनमधून (कवटीच्या तळाचं छिद्र) बाहेर पडली की ग्रंथीत शिरते, फांद्या फुटतात आणि ती चेहऱ्याच्या स्नायूंकडे निघून जाते. पॅरोटिडला लाळ सोडायचा हुकूम मेंदूतून येणाऱ्या नवव्या नर्व्हचा, त्याची वाट अशी: इन्फिरियर सॅलिव्हेटरी न्यूक्लियस, टिंपॅनिक नर्व्ह, लेसर पेट्रोझल, ओटिक गँग्लियन आणि शेवटचा टप्पा ऑरिक्युलोटेंपोरल.

सातवी, म्हणजे फेशियल, लाळ सोडायला लावते ती सबमँडिब्युलर आणि सबलिंग्वलला (जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या लाळग्रंथींना). तो तंतू कॉर्डा टिंपनीतून (सातवीची फांदी) जिभेच्या लिंग्वल नर्व्हला मिळतो आणि सबमँडिब्युलर गँग्लियनमधून पुढे जातो. म्हणजे जिच्या पोटातून जाते तिला काही देत नाही, आणि जिला देते तिच्या पोटातून जात नाही.

ऑपरेशननंतर जेवताना गालावर घाम येतो तो याच ऑरिक्युलोटेंपोरलमुळे. तुटलेले लाळेचे तंतू परत वाढताना त्वचेच्या घामग्रंथींना जाऊन जुळतात. हाच फ्रे सिंड्रोम. बहुधा काही महिन्यांनी दिसतो, त्यामुळे रुग्णाला आधीच सांगून ठेवा.

कानामागचा_वाटाड्या

खोडाबद्दल. खुणा एकमेकींना पडताळायच्या असतात, एकीवर विसंबायचं नाही.

ट्रॅगल पॉइंटर: कानाच्या कूर्चेचं टोक. नर्व्ह त्याच्या साधारण १ सेंमी खोल, किंचित पुढे आणि खाली. पण कूर्चा मऊ असते. रिट्रॅक्टरने कान ओढला की टोकाची दिशा बदलते आणि तुम्ही भलतीकडे खणत बसता.

टिंपॅनोमॅस्टॉइड सूचर: कानाच्या हाडाच्या दोन भागांमधल्या सांध्याची खूण, जागची हलत नाही. तिच्या खालच्या टोकापासून ६ ते ८ मिमी आत नर्व्ह. बोटाने चाचपता येते.

डायगॅस्ट्रिकचं (जबड्याखालच्या स्नायूचं) मागचं पोट: मॅस्टॉइडला (कानामागच्या हाडाला) चिकटलेली जागा आधी साफ उघडी करा. नर्व्ह स्नायूच्या वरच्या कडेपाशी, जवळपास त्याच खोलीवर. खोली कळायला याहून सोपं काही नाही.

स्टायलॉइडपर्यंत (कवटीच्या तळाचा हाडाचा काटा) पोचलात तर थांबा. नर्व्ह त्याच्या बाहेरच्या बाजूला असते, म्हणजे तुम्ही आधीच जास्त खोल गेलात.

खोडाच्या अगदी लगत पोस्टीरियर ऑरिक्युलर धमनीची एक बारीक फांदी असते. तिथून रक्त आलं तर घाईने कॉटरी (डाग देऊन रक्त थांबवणारं यंत्र) लावू नका. गॉज दाबून धरा, नर्व्ह दिसू द्या, मग बायपोलर कॉटरी. एकच खड्डा खोल करत जाणं ही नवख्यांची नेहमीची चूक. वरपासून खालपर्यंत रुंद पट्टा सारख्या खोलीने उतरवा, म्हणजे रक्त साचत नाही आणि नजर मोकळी राहते.

मोठी गाठ खोडावरच बसली असेल तर उलटं या: स्टेन्सन नलिकेलगतची (पॅरोटिडची लाळ तोंडात नेणारी नळी) गालाकडची बकल फांदी किंवा खालच्या ओठाकडची मार्जिनल मँडिब्युलर पकडून मागे खोडाकडे. दोन वर्षांखालच्या मुलात मॅस्टॉइडचं टोक तयारच नसतं, नर्व्ह त्वचेजवळ असते. तिथे कानामागे नेहमीचा खोल छेद चालत नाही.

आणि भूलतज्ज्ञांशी आधी बोला. स्टिम्युलेटर (विजेच्या हलक्या झटक्याने नर्व्ह तपासणारं यंत्र) वापरणार असाल तर लांब टिकणारं मसल रिलॅक्संट नको. नाहीतर नर्व्ह शाबूत असून स्नायू हलणार नाही.

सॅलिव्हा_वॉचर

दुसऱ्या प्रश्नाचं थोडक्यात: प्लिओमॉर्फिक ॲडिनोमाचं कवच सगळीकडे पुरं नसतं, गाठीचे बारीक कोंब बाहेर डोकावतात. नुसती सोलली तर ते कोंब मागे राहतात. कवच फुटलं तर बिया सांडल्यासारखं होतं. परत येते तेव्हा एक नाही, अनेक गाठी, आणि मग नर्व्ह व्रणात अडकलेली. वरवरच्या छोट्या गाठीला भोवतीच्या निरोगी पेशींसकट काढणं, म्हणजे एक्स्ट्राकॅप्स्युलर डिसेक्शन, हा वेगळा प्रकार. तो सोलणं नव्हे.

केस मांडताना ‘चेहरा सारखा हलतो’ एवढ्यावर सोडू नका. कपाळ, डोळे घट्ट मिटणं, दात दाखवणं, गाल फुगवणं, खालचा ओठ, प्रत्येक फांदी वेगळी नोंदवा. ऑपरेशनआधीच एखादी अशक्त असेल तर गाठ कर्करोगाची समजूनच पुढे जायचं, एफएनएसी काही म्हणो. घशात टॉन्सिलची बाजू आत ढकलली आहे का तेही बघा. डीप लोबची (पॅरोटिडच्या नर्व्हच्या आतल्या भागाची) गाठ तिथे दिसते.

नवखा_रेसिडेंट

चित्र स्पष्ट झालं, आभार. अजून एक: ऑपरेशननंतर खालचा ओठ एका बाजूला खाली येत नसेल तर मार्जिनल गेली असंच धरायचं का?

कानामागचा_वाटाड्या

लगेच नाही. ओठ बाहेर उलटवायला सांगा. उलटवता आला तर मेंटॅलिस (हनुवटीचा स्नायू) चालू आहे, म्हणजे मार्जिनल ठीक, गडबड मानेकडच्या सर्व्हायकल फांदीची आणि प्लॅटिस्माची (मानेचा पातळ स्नायू). ते बहुधा भरून येतं. उलटवता येत नसेल तर मार्जिनल. तिला शेजारच्या फांद्यांची जोड कमी, म्हणून तिचं नुकसान डोळ्यात भरतं. बकलमध्ये एकमेकींना जोड पुष्कळ, एखादी गेली तरी बऱ्याचदा झाकलं जातं.

डोळा मिटत नसेल तर मात्र वाट बघायची नाही. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणीवर टेप, त्याच दिवसापासून.

डायगॅस्ट्रिक

परीक्षक हमखास विचारतात म्हणून: पॅरोटिडमध्ये नर्व्ह जखमी झाली तर जिभेच्या पुढच्या भागाची चव आणि डोळ्यातलं पाणी शाबूत असतं. कॉर्डा टिंपनी स्टायलोमॅस्टॉइड फोरामेनच्या आधीच, हाडात वेगळी होते, आणि डोळ्यातल्या पाण्याची फांदी ग्रेटर पेट्रोझल तर त्याहून कितीतरी वर. चवही गेलेली आढळली तर इजा ग्रंथीत नाही, कानाभोवतीच्या टेंपोरल हाडात शोधा.