एरेशन करूनही सांडपाण्याचा लाल रंग का जात नाही?

टॉवेलवाला_सोलापूर: आमच्या डाईंगमध्ये रिॲक्टिव्ह (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारा) लाल जास्त. सांडपाण्याच्या टाकीत हवा सोडणारा ब्लोअर (एरेशन) रात्रंदिवस चालू, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) बऱ्यापैकी उतरतो, पण बाहेर येणारं पाणी अगदी कोकम सरबत! टाकीतले घाण खाणारे जिवाणू मेलेत का?

प्रभाताई: मेले असते तर सीओडी कोणी उतरवला असता? तुमचा लाल बहुधा ॲझो प्रकारचा रंग. त्यातला दोन नायट्रोजनमधला दुहेरी बंध तोडायला जिवाणू इलेक्ट्रॉन देतात. हवा असली की ते ऑक्सिजनच आधी पळवतो. म्हणून पहिली टाकी हवाबंद ठेवा, एरेशन त्यानंतर. आणि नुसत्या रंगावर जिवाणू जगत नाहीत हो. कापडावरची स्टार्चची खळ धुतलेलं पाणी असेल तर त्याच टाकीत सोडा, आयतं खाद्य.

गाळवाला: रंग गेला म्हणून लगेच नाचू नका. बंध तुटला की रंगाचे तुकडे, म्हणजे ॲरोमॅटिक अमाइन, उरतात. दिसत नाहीत, पण काही विषारी. एरेशन त्यांच्यासाठी लागतं, तरी सल्फोनेटेड (सल्फोनिक गट जोडलेले) अमाइन हट्टी, सहज तुटत नाहीत.

टॉवेलवाला_सोलापूर: आणि रंगवताना घातलेलं मीठ?

प्रभाताई: ते कुठलाही जिवाणू खात नाही. डायबाथचं (कापड रंगवलेल्या हौदाचं) पाणी एकदम सोडू नका, इक्वलायझेशन टाकीत (जिथे सगळं सांडपाणी एकत्र करून एकसारखं करतात) मिसळून हळूहळू द्या. मीठ काढायचंच तर आरओ, त्याचा खर्च वेगळा.